किनारा व्यवस्थापनातली रचनाबद्ध निर्णयप्रक्रिया: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पर्यावरण अभियांत्रिकी, भूगोल, नियोजन शिकणाऱ्या मुलामुलींशी या विषयावर बोलताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना पानभर लागतं. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. फक्त गावाच्या उदाहरणाचा प्रश्न वगळू नका, पुढचं बरंच त्यावर उभं आहे.

नागपूरले समुद्र कुठं हाये जी? मंग हे कायले शिकायचं?

समुद्र नाही, पण समुद्राबद्दलचे बरेच कागद इथून फिरतात. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे आणि कांदळवनं वनविभागाच्या अखत्यारीत येतात. उपग्रहचित्रांवरून नकाशे करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, व्हीएनआयटीच्या आवारात आहे. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून इथेच आहे आणि किनारी प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांचे अभ्यास तिच्या नेहमीच्या कामांपैकी. शिवाय हिवाळी अधिवेशन भरलं की कोकणातले आमदार धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचे प्रश्न नागपूरच्या थंडीत मांडतात.

आणि पाण्याचं म्हणाल, तर आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिथला त्रिभुज प्रदेश वरून येणाऱ्या गाळावर तगलेला आहे. गोसेखुर्दसारख्या धरणात जो गाळ थांबतो, तो त्या किनाऱ्यापर्यंत पोचत नाही.

ही पद्धत नेमकी आहे तरी काय?

इंग्रजीत तिला स्ट्रक्चर्ड डिसिजन मेकिंग म्हणतात. 'एसडीएम' हे लघुरूप मी टाळतो, कारण ते ऐकलं की आपल्याकडे उपविभागीय दंडाधिकारी डोळ्यांपुढे येतात. पायऱ्या पाच. प्रश्न नेमका काय आहे ते ठरवायचं. कशाची काळजी आहे, म्हणजे उद्दिष्टं कोणती, ते लिहायचं. मग पर्याय शोधायचे. प्रत्येक पर्यायाचे प्रत्येक उद्दिष्टावर होणारे परिणाम मांडायचे. आणि शेवटी, एका गोष्टीसाठी दुसरीतलं किती सोडायला तयार आहोत हे उघडपणे ठरवायचं. जॉन हॅमंड, राल्फ कीनी आणि हॉवर्ड रायफा यांनी १९९९ मध्ये या पायऱ्या सामान्य वाचकांसाठी मांडल्या. पुढे अमेरिका आणि कॅनडात नद्या, मासेमारी, वन्यजीव यांच्या व्यवस्थापनात त्या रुळल्या.

पायऱ्या पाठ करून फार काही हाती लागत नाही. खरी गोम वेगळी आहे. किनाऱ्याच्या कुठल्याही वादात दोन जातीचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. भिंत बांधली तर दहा वर्षांनी पुळण, म्हणजे किनाऱ्यावरचा वाळूचा पट्टा, किती उरेल, याचं उत्तर सागरी अभियंत्याकडे मागायचं. पुळण महत्त्वाची की भिंतीमागची घरं, याचं उत्तर कुठल्याही अभियंत्याकडे नसतं, कितीही पदव्या असल्या तरी. आपल्या बैठकांत पहिल्या प्रश्नावर गावकरी भांडतात आणि दुसऱ्याचं उत्तर अहवालाच्या परिशिष्टात सल्लागार गुपचूप देऊन टाकतो. ही पद्धत त्या दोन प्रश्नांची ताटातूट करते.

आपल्याकडे सीआरझेड आहे ना? मग ही वेगळी चौकट कशाला?

सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, हे कुंपण आहे. काय करायचं नाही ते त्यातून कळतं. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा, त्याखालची पहिली किनारा नियमन अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची आणि आताची २०१९ ची. सध्याच्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहत असतील, तर भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र. बाकी ठिकाणी २०० मीटर.

पण समजा तुमच्या गावची पुळण दरवर्षी आत सरकते आहे. परवानगीच्या चौकटीत बसणारे चार उपाय आहेत. त्यांतला कोणता निवडायचा? यावर अधिसूचना काही बोलत नाही. तिथून पुढे आपलं डोकं चालवायचं असतं, आणि बहुतेक वेळा तिथून पुढे ठेकेदाराचं अंदाजपत्रक चालतं.

बैठकीत पहिलाच प्रश्न असतो, "बंधारा किती मीटरचा?" त्यात चूक काय?

उत्तर आधी ठरलंय आणि प्रश्न नंतर शोधायचाय, ही चूक. कीनी यांचा सगळा भर यावरच होता की हाताशी असलेल्या पर्यायांपासून सुरुवात केली की विचार तेवढ्यापुरताच राहतो. आधी विचारायचं, आपल्याला वाचवायचं काय आहे.

दगडी भिंतीचंच घ्या. लाट भिंतीवर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंतीमागची जमीन काही काळ वाचते, भिंतीपुढची पुळण खंगत जाते, आणि भिंत जिथे संपते तिथे धूप उलट वाढते. मग शेजारचा गाव भिंत मागतो, त्याला मिळाली की त्याच्या पुढचा. पुदुच्चेरीत हे ठळकपणे दिसलं. १९८९ च्या सुमारास बंदरासाठी समुद्रात बांध घातले गेले. पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. ती बंदराच्या दक्षिणेला अडली आणि उत्तरेची, शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. तिथे दगड टाकले, तर धूप आणखी उत्तरेकडच्या मच्छीमार वस्त्यांपर्यंत गेली. २०१८ मध्ये पाण्याखाली कृत्रिम रीफ, म्हणजे लाटांचा जोर मोडणारा अडथळा, बसवल्यावर शहरासमोर वाळू पुन्हा साचायला लागली. जवळजवळ तीन दशकं गेली.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा तपासला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश किनाऱ्यावर धूप आढळली, सुमारे २७ टक्के किनाऱ्यावर भर पडत होती आणि उरलेला साधारण स्थिर होता. म्हणजे एका ठिकाणची वाळू जाते तेव्हा बऱ्याचदा ती दुसऱ्या कुठे तरी जाऊन बसते. "माझ्या गावाचा बंधारा" ही प्रश्नाची मांडणीच त्यामुळे अपुरी पडते. वाळू जितक्या लांबीत फिरते, तितका किनारा एकत्र पाहावा लागतो.

एखादं गाव घेऊन सांगा ना.

घेऊ. गाव काल्पनिक आहे आणि आकडे केवळ सरावासाठी बनवलेले आहेत, कुठल्या अहवालात ते उतरवू नका. दक्षिण कोकणातलं एक गाव. किनाऱ्यालगत चाळीसेक घरं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांची पुळण, हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. धूप सुरू आहे.

पहिल्या बैठकीत फक्त उद्दिष्टं काढायची. लोक काय बोलतात ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायचं: "घरात पाणी शिरू नये", "रापण बंद पडू नये", "कासवं यावीत, त्यांच्यामागे पर्यटक येतात", "दरवर्षी निधीसाठी चकरा नकोत", "आम्हाला हलवू नका". त्यातून मोजता येण्याजोगे निकष तयार होतात. वादळात किती घरं धोक्यात राहतील. पावसाळा संपताना पुळण किती रुंद असेल. देखभालीसकट ३० वर्षांचा खर्च किती. किती कुटुंबांना जागा सोडावी लागेल. कासवांसाठी वेगळा रकाना सध्या ठेवला नाही, कारण इथे तो पुळणीच्या रुंदीसोबतच वरखाली होतो. मात्र एक सूचना लगेच नोंदवायची: अगदी पाण्याच्या कडेपर्यंत सुरूची झाडं लावली तर कासवांची जागा जाते. म्हणून पुढे मर्यादवेल, म्हणजे वाळूवर पसरणारी वेल, आणि झाडं मागे.

मग तक्ता.

| पर्याय | धोक्यातली घरं | पुळण | ३० वर्षांचा खर्च | हलणारी कुटुंबं |
|---|---|---|---|---|
| पूर्ण लांबीची दगडी भिंत | ४ | ५ मी. | १८ कोटी | ० |
| ठरावीक वर्षांनी वाळू आणून भरणं | ९ | ३० मी. | २६ कोटी | ० |
| वाळूचे उंचवटे, मर्यादवेल, पुढची घरं मागे | १० | २५ मी. | ११ कोटी | १२ |
| आता चाललंय तसं: दरवर्षी तातडीचे दगड | २२ | १२ मी. | १९ कोटी | ० |

हा तक्ता भिंतीवर लागला की खोलीतलं बोलणं बदलतं. रापणवाले म्हणतात, पाच मीटर पुळणीवर रापण ओढताच येत नाही, म्हणजे पहिल्या पर्यायात आमचा धंदा संपला. पंचायतीचे सदस्य २६ कोटींच्या आकड्याकडे पाहतात. आणि कोणीतरी विचारतं, सगळ्यात जास्त धूप दोनशे मीटरांतच आहे, मग तिथेच भिंत आणि बाकी ठिकाणी उंचवटे असं का नको? अशा तऱ्हेने पाचवा पर्याय जन्मतो: ११ घरं, २० मीटर, १३ कोटी, हलणारं कुटुंब शून्य. दोनशे मीटरच्या भिंतीच्या टोकांना धूप होणार, ती गृहीत धरूनच हे आकडे लिहायचे.

आता चौथा आणि पाचवा पर्याय शेजारी ठेवा. घरं, पुळण, खर्च या तिन्ही बाबतींत पाचवा सरस, आणि कुटुंबांच्या रकान्यात दोघेही शून्य. एकाही निकषावर चौथा वरचढ नाही. त्यामुळे "चाललंय ते चालू द्या" हा पर्याय कुणावर दोषारोप न करता बाद होतो. मला या पद्धतीतला हा क्षण सगळ्यात आवडतो.

पहिला रापणीमुळे आणि दुसरा खर्चामुळे मागे पडला, तर उरते लढत तिसऱ्याची आणि पाचव्याची. पाचवा निवडला तर दोन कोटी जास्त, पुळण पाच मीटर कमी, एक घर जास्त धोक्यात, पण बारा कुटुंबं जागेवर राहतात. वर्षानुवर्षांचा गोंधळ एका वाक्यात आला. त्याचं उत्तर तक्ता देत नाही. ते त्या बारा घरांना विचारूनच द्यावं लागेल, आणि कदाचित त्यांतल्या चार घरांना हलायचंच असेल, नीट जागा मिळाली तर.

मग प्रत्येक निकषाला भारांक कसे द्यायचे, म्हणजे कशाला किती वजन?

बहुतेक जण "सुरक्षितता सर्वात महत्त्वाची, ५० टक्के" असं आधीच लिहून टाकतात. हे चूक आहे. नागपुरात भाड्याने घर शोधताना भाडं महत्त्वाचं की कॉलेजपासूनचं अंतर, असं नुसतं विचारून कळत नाही. तीन घरांच्या भाड्यात शंभर-दोनशेचाच फरक असेल आणि एक घर बजाजनगरात, दुसरं कामठीला असेल, तर निर्णय अंतरच करणार. भाडं एरवी कितीही महत्त्वाचं असो.

किनाऱ्यावरही तसंच. विचारायचं असं: सगळे निकष सगळ्यात वाईट आकड्यावर आहेत. एकच निकष सगळ्यात चांगल्या आकड्यावर नेता येईल. कोणता न्याल? पुळण ५ वरून ३० मीटर, की घरं २२ वरून ४? पहिली पसंती १०० गुणांची, बाकीच्यांना तिच्या तुलनेत गुण. भारांक निकषाच्या नावाला नसतात, तक्त्यातल्या फरकाला असतात. प्रत्येक गटाने वेगवेगळे भारांक द्यावेत आणि ते एकमेकांना दाखवावेत. त्यांची सरासरी काढू नका. सरासरीत रापणवाल्याचा नकार दिसेनासा होतो.

एएचपी (अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस) म्हणजे हेच का? आमच्या प्रबंधात ते वापरलंय.

हेच नाही. थॉमस साटी यांची ती पद्धत १९७० च्या दशकातली. दोन-दोन निकषांची १ ते ९ या मोजपट्टीवर तुलना करून भारांक काढायचे आणि सुसंगती-गुणोत्तर ०.१ च्या आत आहे का पाहायचं. भारांक काढण्याचं ते एक अवजार आहे, पूर्ण निर्णयप्रक्रिया नव्हे. पाच प्राध्यापकांकडून फॉर्म भरून घेतले आणि जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकीय नकाशात, थरांवर थर चढवले, तर मिळतो तो पाच प्राध्यापकांच्या आवडीनिवडीचा नकाशा. त्यात गाव कुठे आहे?

किनारी असुरक्षितता निर्देशांकाचं काय?

धोका कुठे जास्त आहे ते त्यावरून कळतं. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राने देशाच्या किनाऱ्यासाठी असा नकाशासंच केला आहे. त्यात सात घटक आहेत: किनारारेषेतला बदल, समुद्रपातळीतला बदल, उंची, उतार, भूरूप, भरती-ओहोटीतलं अंतर आणि लाटांची उंची. उपयोगी आहे. पण त्यात माणसं नाहीत, आणि लाल रंगाच्या पट्ट्यात काय करायचं तेही नाही. प्रश्न ठरवण्याच्या पायरीवर तो वापरा, निवडीच्या पायरीवर नको.

सगळं रुपयांत मोजून खर्च-लाभ काढला तर सोपं नाही का?

सोपं आहे, आणि म्हणूनच जपून. वाचवलेल्या मालमत्तेची किंमत हाच लाभ धरला, तर गणित नेहमी महागड्या बंगल्यांच्या बाजूला झुकतं. कोळीवाड्यातल्या पन्नास घरांपेक्षा दोन रिसॉर्टपुढची भिंत "फायदेशीर" ठरते. सुकट वाळत घालायची मोकळी जागा सातबाऱ्यावर कुणाच्याच नावावर नसते, मग तिची किंमत शून्य. खर्चाचा रकाना जरूर ठेवा, पण एक रकाना म्हणून.

हे जगात कुठे खरोखर वापरलं गेलं की नुसती पुस्तकातली गोष्ट?

दोन उदाहरणं सांगतो. एक पद्धतीच्या बाजूचं, दुसरं तिची मर्यादा दाखवणारं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअरचा उपसागर आहे. तिथे मे महिन्यात हॉर्सशू खेकडे किनाऱ्यावर अंडी घालतात, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी ती अंडी खाऊन पुढच्या प्रवासाची चरबी साठवतात. मच्छीमार हेच खेकडे ईल आणि व्हेल्क या मोठ्या समुद्री गोगलगायीसाठी आमिष म्हणून वापरतात. १९९० च्या दशकात खेकड्यांची पकड खूप वाढली, पुढे पक्षी घटले आणि भांडण पेटलं. पक्ष्यांची घट अंड्यांमुळेच झाली का, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नव्हतं. या पद्धतीने काय केलं? एकमत होईपर्यंत थांबायचं नाकारलं. अंड्यांवरचं अवलंबन जास्त मानणारं आणि कमी मानणारं, अशी वेगवेगळी प्रतिमानं (मॉडेल्स) शेजारी शेजारी ठेवली. दरवर्षी खेकडे आणि पक्षी मोजायचे, कुठल्या प्रतिमानाचा अंदाज खरा ठरतो ते पाहून त्यावरचा विश्वास वाढवायचा-घटवायचा, आणि त्यावरून पुढच्या हंगामाची मर्यादा ठरवायची. अटलांटिक राज्यांच्या मासेमारी आयोगाने ही चौकट २०१२ मध्ये स्वीकारली. २०१३ च्या हंगामासाठी ५ लाख नर आणि मादी शून्य, अशी मर्यादा निघाली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चौकट नंतर सुधारली गेली आणि नव्या गणिताने थोड्या माद्या पकडायला वाव दिला. लोकांनी जोरदार हरकती घेतल्या. आयोगाने माद्यांची मर्यादा शून्यच ठेवली. काही जणांना हा पद्धतीचा पराभव वाटतो, मला वाटत नाही. शास्त्राचा आकडा कुठे संपला आणि समाजाची पसंती कुठे सुरू झाली, हे तिथे सगळ्यांना दिसत होतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्याचं. १९३० च्या दशकापासून त्या राज्याची सुमारे २,००० चौरस मैल किनारी जमीन पाण्याखाली गेली, म्हणजे अंदाजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या निम्मं क्षेत्र. कारणं अनेक, त्यांतलं मोठं म्हणजे मिसिसिपीला दोन्ही बाजूंनी बांध घातल्यामुळे गाळ दलदलीत पसरेनासा झाला. २०१२ च्या आराखड्यात राज्याने सुमारे ४०० प्रस्तावित कामं एका संगणकीय नियोजन-साधनातून तपासली आणि १०९ निवडली. मुदत ५० वर्षं, खर्च ५० अब्ज डॉलर. निवडीचे दोन मुख्य निकष होते: पुराचा धोका किती घटतो आणि जमीन किती तयार होते. आराखडा ठरावीक वर्षांनी नव्याने करायचा असा नियम आहे, त्यानुसार २०१७ आणि २०२३ च्या आवृत्त्या आल्या.

त्यातलं एक मोठं काम होतं, नदीचं गाळमिश्रित पाणी बॅराटेरियाच्या खोऱ्यात वळवण्याचं. खर्च जवळपास ३ अब्ज डॉलर. गोड्या पाण्याने कालवं (ऑयस्टर) आणि डॉल्फिन यांचं नुकसान होणार म्हणून कालवं काढणारे मच्छीमार विरोधात होते. २०२३ मध्ये काम सुरू झालं, २०२५ मध्ये राज्याच्या नव्या सरकारने ते रद्द केलं. माझं मत असं की दोन मुख्य निकषांवर सगळी निवड उभी करताना ज्यांचा धंदा बुडणार होता त्यांची बाजू तक्त्याच्या कडेला पडली, आणि कडेला पडलेली माणसं नंतर निवडणुकीतून परत येतात.

समुद्र नेमका किती वाढणार हेच ठाऊक नाही. मग पन्नास वर्षांचा निर्णय कसा घ्यायचा?

पन्नास वर्षांचा निर्णय आज घ्यायचाच नाही. आंतरसरकारी हवामान मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत जगाची सरासरी समुद्रपातळी अत्यंत कमी उत्सर्जन राहिलं तर ०.२८ ते ०.५५ मीटर आणि अत्यंत जास्त राहिलं तर ०.६३ ते १.०१ मीटर वाढण्याची शक्यता आहे. मधला आकडा धरून भिंत बांधली तर ती बहुधा एक तर उगाच उंच ठरेल, नाही तर अपुरी.

लंडनच्या टेम्स खाडीसाठीचा २१०० पर्यंतचा आराखडा असं करत नाही. टेम्सवरचा पूरदरवाजा १९८० च्या दशकापासून चालू आहे. आराखड्यात पुढच्या वाटांचा नकाशा आहे: पाणी इतकं वाढलं तर आताचे काठ उंच करा, आणखी वाढलं तर दरवाजा सुधारा, त्याहून वाढलं तर नवा बांधा. प्रत्येक वळणासाठी खुणेचा आकडा ठरलेला, आणि काम उभं राहायला जितकी वर्षं लागतील तितकी आधी ती खूण ठेवलेली. नेदरलँड्सच्या संशोधकांनी या विचाराला पुढे पद्धतशीर रूप दिलं. कोकणात याचा साधा अर्थ असा की आज पुढच्या रांगेतली घरं विकत घेतली नाहीत तरी चालेल, पण मागची गावठाणाजवळची मोकळी जागा आज राखून ठेवा. ती विकली गेली की एक वाट कायमची बंद.

काहीच न करणं हा पर्याय असू शकतो का?

असू शकतो, आणि तक्त्यात तो असलाच पाहिजे. इंग्लंड-वेल्समध्ये किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याला चारपैकी एक धोरण लावतात: रेषा टिकवा, रेषा समुद्राकडे पुढे न्या, ठरवून मागे सरका, किंवा हस्तक्षेप करू नका. मागे सरकणं कागदावर सोपं. वेल्समधल्या फेअरबोर्न गावाचं संरक्षण २०५४ च्या सुमारास थांबवण्याचा विचार जाहीर झाला आणि समुद्र येण्याआधीच घरांच्या किमती पडल्या. आपल्याकडे ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या सातभाया गावाचे लोक समुद्राने जमीन घेतल्यावर बागपतियाला हलवले गेले. घर मिळालं तरी शेती आणि समुद्र दोन्ही मागे राहतात. म्हणून "हलणारी कुटुंबं" या रकान्याशेजारी "हलल्यावर खाणार काय" असा रकाना हवा.

गावकऱ्यांना कोणत्या टप्प्यावर बोलवायचं?

पहिल्या. जनसुनावणी बहुतेक वेळा आराखडा छापून झाल्यावर होते, तेव्हा लोकांच्या हातात विरोध करणं एवढंच उरतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. याउलट वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी राखायला गावालाच सोबत घेतलं, पुढे घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीतून गावाला उत्पन्नही मिळू लागलं. कासव आणि कमाई ही दोन्ही उद्दिष्टं तिथे एका यादीत आली.

आणि गावकऱ्यांना फक्त "भावना" विचारू नका. वाळू कुठल्या महिन्यात कुठून कुठे जाते, हे होडी लावणाऱ्याला माहीत असतं. परिणामांच्या रकान्यात ती माहिती जायला हवी.

नागपूरच्या एखाद्या प्रश्नाला ही चौकट लावता येईल?

लावता येईल, आणि लावावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यानंतरची चर्चा आठवा: भिंत उंच करा, पात्र खोल करा, पूल पाडा. सगळे पर्यायच. उद्दिष्टांची यादी कुणी केली? तलावाची सुरक्षितता, खालच्या वस्त्या, उन्हाळ्यातलं पाणी, बाग, पक्षी, खर्च. वरचा तक्ता घ्या आणि रकाने बदला.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

एक्सेल पुरे. सुरुवातीला फळा त्याहून बरा.

इथे बसून कोकणावरचा प्रबंध होईल का?

नकाशे इथे होतील. किनारारेषेतला बदल उपग्रहचित्रांवरून काढता येतो, लाटांची आणि वाऱ्याची माहितीही मिळते. उद्दिष्टं मात्र इथे बसून लिहिता येणार नाहीत, तिथे जावंच लागेल. जाताना दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरात जाऊ नका. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या शांत महिन्यांत ती बरीचशी परत येते, त्यामुळे डिसेंबरात पुळण रुंद दिसते आणि गावकरी उगाच ओरडतात असं वाटतं. ऑगस्टच्या अखेरीस जा, भरतीची वेळ बघून जा, आणि पहिल्या भेटीत तक्ता नेऊ नका. कोरी वही न्या.